खर्रा सुटावा, सोबत सुटू नये

बेसा-मानेवाडा रस्त्यावरच्या एखाद्या पानठेल्यावर संध्याकाळी चार-पाच पुरुष रस्त्याकडे तोंड करून उभे असतात. क्रिकेट, प्लॉटचे भाव, राजकारण असे सगळे विषय होतात. पण त्यांच्यातल्या एकाला महिनाभर धड झोप नाही, हे बाकीच्यांना ठाऊक नसते. लेआउटमधल्या बाकावर बसलेल्या बायकांना मात्र एकमेकींचा रक्तदाबही माहीत असतो आणि घरातली काळजीही.

मानसशास्त्रज्ञ पॉल राइट यांनी 1982 मध्ये हा फरक मांडला. स्त्रियांची मैत्री समोरासमोरची, तर पुरुषांची खांद्याला खांदा लावून चालणारी. एकीचा आधार बोलणे, दुसरीचा सोबत काही करणे. अर्थात हा फरक सरसकट नाही. मैत्री जितकी जुनी आणि घट्ट, तितका तो कमी होतो, असेही राइट यांनी नोंदवले. त्यामुळे पुरुषांची मैत्री कमअस्सल ठरत नाही.

अडचण येते ती निमित्त संपल्यावर. बेशात शेतांच्या जागी फ्लॅट स्कीम उभ्या राहिल्या आणि जुन्या नागपुरातून, विदर्भातल्या गावांतून माणसे इथे राहायला आली. बायकांनी भिशी, हळदीकुंकू, भजनी मंडळातून नवा गोतावळा जमवला. पुरुषांचे दोस्त मात्र जुन्या ऑफिसात, जुन्या मोहल्ल्यात राहिले. त्यात डॉक्टरांनी खर्रा सोडायला सांगितला की ठेलाही सुटतो. तंबाखू जाते हे उत्तमच, पण तिच्याबरोबर दिवसातली अर्ध्या तासाची सोबतही जाते.

ही सोबत किरकोळ नाही. ज्युलियान होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये 148 अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली. ज्यांचे नातेसंबंध भक्कम होते, त्यांची जगण्याची शक्यता सुमारे 50 टक्क्यांनी जास्त आढळली. भारतात 2022 मध्ये आत्महत्या केलेल्यांपैकी सुमारे 72 टक्के पुरुष होते. कर्ज, आजार, व्यसन अशी कारणे अनेक असतात; पण मनातले सांगायला कुणी नसले की त्यांचे ओझे वाढते.

यावर 'पुरुषांनीही बायकांसारखे मोकळे बोलावे' हा उपदेश फारसा कामाचा नाही. ऑस्ट्रेलियात 'मेन्स शेड' नावाच्या जागी पुरुष एकत्र सुतारकाम, दुरुस्ती करतात आणि हात चालू असताना हळूहळू बोलू लागतात. बेशात त्यासाठी वेगळी शेड नको. सकाळचे फिरणे, कॅरम, झाडांना पाणी घालणे किंवा रविवारचे तर्री-पोहे पुरेत. अट दोनच: दिवस आणि वेळ ठरलेली असावी, आणि एखादा दोन दिवस आला नाही तर कुणीतरी त्याच्या घरची बेल वाजवावी.

'काय रे, झोप लागते ना?' एवढा प्रश्न चालता चालताही विचारता येतो. उत्तर जड आले, तर टेलिमानसचा 14416 हा मोफत सरकारी क्रमांक आहेच. तो लावताना दोस्ताने शेजारी उभे राहावे.