मठाबाहेर बसून

कर्जतहून खोपोलीकडे निघाले की पहिलेच स्टेशन पळसदरी. अधूनमधून मी आईला इथल्या स्वामी समर्थांच्या मठात आणतो आणि स्वतः बाहेर बसतो. आमचे घर कमालीचे सोवळ्याचे. महिन्याचे चार दिवस आईला कोपऱ्यात बसवणारा तो देव मी विसाव्या वर्षी जानव्यासकट सोडला. वडील पुढे बारा वर्षे माझ्याशी बोलले नाहीत.

तेही सोसले. पण दिवेलागणीला हात आपोआप जोडले जात, त्यांचे काय करायचे?

अशा वेळी रेव्हरंड ना. वा. टिळक आठवतात. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले, हे सर्वांना ठाऊक असते. पण १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे कामही सोडले आणि ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. मला हे दुसरे सोडणेच अधिक अवघड वाटते. पहिल्या वेळी निदान जायला दुसरे घर होते. (पहिल्या वेळी लक्ष्मीबाईंची काय फरफट झाली, ते ‘स्मृतिचित्रे’त वाचावे. पुरुषाच्या आत्मशोधाचा खर्च बहुधा घरच्या बाईच्या खात्यावर पडतो. आमच्याकडेही आईच्याच पडला.)

मला दरबार नको, गुरूही नको. समोरच्या डोंगराकडे बघत घटकाभर गप्प बसलो की पुरते.

परवा आईने विचारले, “बाहेर बसून काय करतोस रे?”

“तुझी वाट बघतो.”

“खोटं. ओठ हलत होते तुझे.”