विश्लेषण : संगणक अचानक बंद पडला... व्हायरस की हार्डवेअरचा बिघाड? ‘फॉरमॅट’पूर्वी काय तपासावे?

काम सुरू असताना पडदा निळा झाला, संगणक आपोआप रिस्टार्ट झाला किंवा सुरूच झाला नाही, की पहिली शंका ठरलेली असते : व्हायरस आला. त्यावरचा सल्लाही ठरलेला असतो : फॉरमॅट मारा. मात्र संगणक बंद पडणे हे केवळ लक्षण आहे, आजार नव्हे. मालवेअर, निकामी होत चाललेली हार्ड डिस्क, सदोष रॅम किंवा चुकलेला अपडेट या सर्वांचे पहिले दर्शन सारखेच असू शकते. निदान चुकल्यास वर्षानुवर्षांचे फोटो, हिशेब, प्रबंध असे सारे काही कायमचे जाऊ शकते. त्यामुळे फॉरमॅटपूर्वी नेमके काय तपासावे, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

जुलै २०२४ मध्ये नेमके काय घडले?

१९ जुलै २०२४ रोजी, शुक्रवारी सकाळी जगभरातील विमानतळ, बँका, रुग्णालये आणि वृत्तवाहिन्यांमधील संगणक एकाच वेळी निळ्या पडद्यावर अडकले. भारतात हैदराबादसह काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. हा मोठा सायबर हल्ला असल्याची चर्चा समाजमाध्यमांवर लगेच सुरू झाली. प्रत्यक्षात हल्ला झालाच नव्हता. ‘क्राउडस्ट्राइक’ या सायबर सुरक्षा कंपनीने भारतीय वेळेनुसार सकाळी ९.३९ वाजता पाठवलेल्या अपडेटमधील एक फाइल सदोष होती. संगणकाच्या गाभ्यात चालणारा तिचा प्रोग्राम २० माहितीघटक मिळालेले असताना २१ वा वाचायला गेला आणि विंडोज कोसळले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणकांना त्याचा फटका बसला. कंपनीने ७८ मिनिटांत अपडेट मागे घेतला, तरी बंद पडलेले अनेक संगणक सेफ मोडमध्ये सुरू करून ती फाइल हाताने काढावी लागली. म्हणजेच व्हायरसही नव्हता आणि हार्डवेअरही ठणठणीत होते.

याच्या उलट कधी घडले आहे का?

होय, आणि त्याची झळ महाराष्ट्रालाही बसली होती. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ या मालवेअरने युक्रेनपासून सुरुवात करून जगभरातील कंपन्यांना वेढले. उरणजवळील जेएनपीटी बंदरात मर्स्क समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या टर्मिनलचे कामकाज त्यामुळे विस्कळीत झाले. या मालवेअरची चाल लक्षात ठेवण्यासारखी आहे. संगणक आपोआप रिस्टार्ट होई आणि पडद्यावर डिस्कमधील दोष दुरुस्त केले जात असल्याचा, संगणक बंद न करण्याचा संदेश येई. हा संदेश विंडोजच्या नेहमीच्या डिस्क तपासणीसारखा हुबेहूब दिसत असे. वापरकर्ता हार्ड डिस्कचा बिघाड समजून वाट पाहत बसे आणि त्याच वेळी आत डिस्कवरील फाइलींची अनुक्रमणिका एन्क्रिप्ट होत असे. क्राउडस्ट्राइक प्रकरणात बिघाड हल्ल्यासारखा दिसला, तर येथे हल्ल्याने बिघाडाचे रूप घेतले. त्यामुळे केवळ पडद्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.

मालवेअरमुळे संगणक वारंवार बंद पडतो का?

सहसा नाही. पासवर्ड चोरणारे, बँक व्यवहारांवर पाळत ठेवणारे किंवा संगणकाचा गुपचूप वापर करणारे मालवेअर टिकून राहते ते संगणक व्यवस्थित सुरू असेल तरच. बंद पडलेल्या संगणकातून त्याला काहीच मिळत नाही. फेब्रुवारी २०१० मधील एक उदाहरण बोलके आहे. मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा अपडेटनंतर अनेक विंडोज एक्सपी संगणक निळ्या पडद्यावर अडकले आणि दोष अपडेटला देण्यात आला. तपासात आढळले, की त्या संगणकांमध्ये ‘अल्युरिऑन’ हे मालवेअर आधीपासूनच लपलेले होते आणि अपडेटमुळे त्याचे गणित चुकून विंडोज कोसळत होते. थोड्याच दिवसांत मालवेअरच्या निर्मात्यांनीच आपल्या प्रोग्राममध्ये दुरुस्ती केली. संगणक बंद पडणे त्यांनाही परवडणारे नव्हते.

एक अपवाद मात्र लक्षात घ्यावा लागेल. आभासी चलन ‘माइन’ करणारे मालवेअर प्रोसेसरला सतत राबवते. धूळ साचलेल्या संगणकात त्यामुळे तापमान इतके वाढू शकते, की तो स्वसंरक्षणासाठी बंद होतो. अशा वेळी लक्षण हार्डवेअरचे असते आणि कारण मालवेअरचे.

हार्डवेअरच्या बिघाडाची लक्षणे कोणती?

विंडोज सुरू होण्यापूर्वीच, म्हणजे कंपनीचा लोगो दिसत असताना किंवा बायोसमध्ये संगणक अडकत असेल, तर हार्डवेअरची शक्यता सर्वाधिक असते. त्या टप्प्यावर हल्ला करणारे मालवेअर आहे, पण दुर्मीळ. दर वेळी वेगळाच एरर संदेश येत असेल, तर संशयाची सुई रॅमकडे जाते. गेम किंवा व्हिडीओ एडिटिंग सुरू केल्यावर काही मिनिटांत संगणक बंद होत असेल, तर पंखा, धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट किंवा अशक्त एसएमपीएस तपासावा. फाइल उघडायला प्रचंड वेळ लागणे, कॉपी करताना मध्येच अडकणे, हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येणे ही डिस्क निकामी होत असल्याची चिन्हे आहेत. वारंवार वीज जाणाऱ्या, दाब कमी-जास्त होणाऱ्या भागात यूपीएसविना चालणाऱ्या संगणकांत एसएमपीएस आणि डिस्कवर विशेष ताण येतो.

काही बिघाड चकवा देणारे असतात. मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल संपला, की संगणकाची तारीख मागे जाते आणि ब्राउझर अनेक संकेतस्थळे असुरक्षित असल्याचा इशारा देतो. त्याला व्हायरस समजले जाते, पण उपाय सेल बदलण्याचा असतो. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसरबाबतही असेच घडले. गेम सुरू करताना व्हिडीओ मेमरी अपुरी असल्याचा संदेश येई, म्हणून ग्राफिक्स कार्डावर संशय घेतला गेला. दोष प्रोसेसरला मिळणाऱ्या जादा व्होल्टेजचा असल्याचे इंटेलने जुलै २०२४ मध्ये मान्य केले आणि नंतर वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

मालवेअरची शंका कधी घ्यावी?

संगणक बंद पडण्यापेक्षा त्याच्या आजूबाजूला काय बदलले, याकडे पाहावे. फाइलींची नावे किंवा एक्स्टेन्शन बदलणे, खंडणी मागणारी टेक्स्ट फाइल दिसणे, अँटिव्हायरस आपोआप बंद होणे आणि पुन्हा सुरू न होणे, अनोळखी युजर अकाउंट तयार होणे, काहीही सुरू नसताना प्रोसेसर किंवा इंटरनेटचा वापर वाढलेला असणे ही ठोस लक्षणे आहेत. बिघाडाच्या आधी पायरेटेड सॉफ्टवेअर, ‘क्रॅक’ किंवा ईमेलमधील अनोळखी फाइल उघडली होती का, हेही आठवून पाहावे.

तिसरी शक्यता अपडेट किंवा ड्रायव्हरची. दर वेळी तोच एरर कोड आणि त्याच फाइलचे नाव दिसत असेल, सेफ मोडमध्ये संगणक व्यवस्थित चालत असेल आणि त्रास नव्या अपडेटनंतर सुरू झाला असेल, तर आधी ड्रायव्हर किंवा अपडेट तपासावा.

नेमकी तपासणी कोणत्या क्रमाने करावी?

सर्वप्रथम पडद्याचा मोबाइलवर फोटो काढावा. विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत हा पडदा निळ्याऐवजी काळा असतो. खंडणीचा संदेश किंवा नावे बदललेल्या फाइली दिसल्यास इंटरनेटची केबल काढावी, वायफाय बंद करावे.

त्यानंतरचा टप्पा डेटा वाचवण्याचा, आणि येथेच पेच असतो. डिस्क मरणासन्न असेल, तर तातडीने कॉपी करणे योग्य. मात्र मालवेअर असेल, तर जोडलेला बॅकअप ड्राइव्हही त्याच्या तावडीत सापडू शकतो. दोन्ही शक्यतांत चालणारा मार्ग म्हणजे दुसऱ्या, खात्रीच्या संगणकावर लिनक्सचा बूटेबल पेन ड्राइव्ह तयार करून त्यावरून संगणक सुरू करणे. त्यात विंडोज सुरूच होत नसल्याने विंडोजमधील मालवेअरही जागे होत नाही. महत्त्वाच्या फाइली एका रिकाम्या ड्राइव्हवर घ्याव्यात, जुना बॅकअप असलेला ड्राइव्ह जोडू नये. डिस्क एन्क्रिप्टेड असल्यास बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. क्राउडस्ट्राइक प्रकरणातही अनेक कार्यालयांची दुरुस्ती या कीपाशी अडली होती.

हाच पेन ड्राइव्ह निदानही करतो. लिनक्सवर तासभर काम करतानाही संगणक बंद पडला, तर विंडोजमधील मालवेअरचा प्रश्नच उरत नाही आणि दोष हार्डवेअरकडे जातो. लिनक्सवर तो ठणठणीत चालला, तर विंडोज, ड्रायव्हर, मालवेअर किंवा विंडोज असलेली डिस्क यांपैकी एकाकडे पाहावे.

डेटा सुरक्षित झाल्यावर पुढील तपासण्या कराव्यात. विंडोजमधील ‘रिलायबिलिटी हिस्ट्री’ कोणत्या दिवशी काय कोसळले आणि त्याआधी काय इन्स्टॉल झाले होते, हे तारखेनुसार दाखवते. ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ रॅम तपासते. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’सारखे मोफत सॉफ्टवेअर डिस्कची प्रकृती सांगते. मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचे ‘ऑफलाइन स्कॅन’ विंडोज सुरू होण्यापूर्वी चालते. त्यामुळे लपणाऱ्या मालवेअरला संधी मिळत नाही. त्याला साधारण १५ मिनिटे लागतात.

फॉरमॅट आधी का नको?

फॉरमॅटने हार्डवेअर दुरुस्त होत नाही. निकामी होत चाललेली डिस्क फॉरमॅटनंतर काही दिवस बरी चाललेली वाटू शकते. त्यामुळे दोष व्हायरसचाच होता असा समज पक्का होतो आणि पुढच्या वेळी डिस्क डेटासह जाते. रॅन्समवेअरच्या बाबतीत एन्क्रिप्ट झालेल्या फाइली पुसणे म्हणजे त्या परत मिळण्याची शक्यता संपवणे. युरोपोल आणि नेदरलँड्स पोलिसांनी सुरक्षा कंपन्यांसह २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ उपक्रमात अनेक रॅन्समवेअरसाठी मोफत डिक्रिप्शन साधने मिळतात. आज नसलेले साधन उद्या येऊ शकते. मालवेअर सिद्ध झाल्यावर फॉरमॅट करणे योग्यच आहे, पण तो शेवटचा उपाय असावा.

पडद्यावर फोन क्रमांक दिसला तर?

मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर संदेशात फोन क्रमांक कधीही नसतो. ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा’ असे सांगणारा निळा पडदा बहुतेकदा ब्राउझरमधील एक पान असते. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद केल्यास ते जाते. फोन केल्यास रिमोट अॅप इन्स्टॉल करायला लावून खाते रिकामे केले जाऊ शकते. क्राउडस्ट्राइक गोंधळातही दुरुस्तीच्या नावाखाली मालवेअर असलेल्या फाइली पसरवण्यात आल्या होत्या. पैसे गेल्यास त्वरित १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करावी.

कंपन्या आणि कार्यालयांसाठी निदान आणखी महत्त्वाचे का?

कारण त्यावर कायदेशीर जबाबदारी ठरते. एप्रिल २०२२ मधील ‘सर्ट-इन’च्या निर्देशांनुसार रॅन्समवेअरसह ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे कंपन्या आणि सरकारी संस्थांना बंधनकारक आहे. हार्डवेअरचा बिघाड समजून संगणक दुरुस्तीला पाठवला आणि आठवड्याने तो हल्ला निघाला, तर तोपर्यंत मालवेअर नेटवर्कमधील इतर संगणकांत पोहोचलेले असू शकते. फॉरमॅट झालेल्या संगणकावर ते कोठून आले, याचा पुरावाही उरत नाही.