फुकटात आलेलं डबलडेकर: फ्लायबायवायरचं ए३८० नेमकं कसं आहे?

फ्लाइट सिम्युलेटरवाली मंडळी गेली काही वर्षं ज्याची वाट बघत होती, ते विमान अखेर आलं. फ्लायबायवायर सिम्युलेशन्स या स्वयंसेवकांच्या टीमने ऑक्टोबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरसाठी एअरबस ए३८० सगळ्यांसाठी खुलं केलं. नाव ए३८०एक्स. किंमत शून्य रुपये.

आता 'फुकट आहे ना, मग टाका डाउनलोडला' असं म्हणून विषय संपवता आला असता. पण तसा तो संपत नाही. मी हे विमान दोन आठवडे उडवलं, आणि त्यात मला विमानाइतकाच रस त्यामागच्या हिशोबात वाटला. म्हणून आज दोन्ही बघू.

आधी हे समजून घ्या: ॲड-ऑन विमान म्हणजे काय?

सिम्युलेटर विकत घेतला की त्यात काही विमानं आयती मिळतात. ती दिसायला छान असतात, उडतातही बरी. पण कॉकपिटमधली बरीच बटणं नुसती शोभेची. ॲड-ऑन म्हणजे दुसऱ्या कुणीतरी बनवलेलं, वरून जोडायचं विमान. चांगल्या ॲड-ऑनमध्ये जवळपास प्रत्येक बटणामागे काहीतरी खरं घडतं. पंप सुरू केला की दाब वाढतो, दाब वाढला की झडप उघडते, आणि हे सगळं समोरच्या स्क्रीनवर दिसतं.

एवढं काम करायचं तर पैसे लागतात. जून २०२४ मध्ये पीएमडीजी कंपनीचं बोइंग ७७७-३००ईआर आलं, ७४.९९ डॉलरला. म्हणजे आपले तेव्हाचे साधारण सहा हजार तीनशे रुपये. मूळ सिम्युलेटरची स्टँडर्ड आवृत्ती बाजारात आली तेव्हा ५९.९९ डॉलरची होती. म्हणजे अख्ख्या पृथ्वीपेक्षा एक विमान महाग! आणि तरीही लोक घेतात, कारण त्यामागची मेहनत त्यांना दिसते.

या पार्श्वभूमीवर कुणी ए३८० फुकट देतंय, ही बातमी का आहे ते लक्षात येईल.

मूळ विमान किती मोठं आहे?

पंखांचं टोकापासून टोकापर्यंत अंतर ७९.७५ मीटर. लांबी ७२.७ मीटर. उंची २४ मीटर, म्हणजे साधारण आठ मजली इमारत. उड्डाणाच्या वेळी कमाल वजन ५७५ टन. चाकं २२. पहिलं उड्डाण २७ एप्रिल २००५ ला झालं, शेवटचं विमान डिसेंबर २०२१ मध्ये एमिरेट्सला मिळालं आणि कारखाना थांबला. एकूण २५१ विमानं एअरलाइन्सना दिली गेली, त्यातली १२३ एकट्या एमिरेट्सकडे गेली.

भारतीय कंपनीच्या रंगात हे विमान कधीच आलं नाही. किंगफिशरने पाच मागवली होती, एकही आलं नाही. परदेशी कंपन्यांनाही ए३८० घेऊन भारतात यायला २०१४ पर्यंत परवानगी नव्हती. ती मिळाल्यावर त्याच वर्षी सिंगापूर एअरलाइन्स आणि एमिरेट्स दोघींनी ते मुंबईत आणलं. त्यामुळे माझी पहिली फेरी ठरलेलीच होती: दुबई ते मुंबई.

कॉकपिटमध्ये बसल्यावर

पहिली गोष्ट जाणवते ती स्क्रीनची गर्दी. एकसारखे आठ मोठे डिस्प्ले. ए३२० ची सवय असेल तर मार्ग भरायला तुम्ही एमसीडीयू, म्हणजे तो छोटा कॅल्क्युलेटरसारखा डबा शोधाल. इथे तो नाही. इथे ट्रॅकबॉल आणि कीबोर्ड आहे, स्क्रीनवर कर्सर फिरतो, आणि मेनू उघडून मार्ग भरायचा. आपल्या पिढीला हे उलट सोपं जातं. मला मार्ग भरायला जेमतेम दहा मिनिटं लागली.

बाजूला एक टॅबलेट आहे, त्याला फ्लायपॅड म्हणतात. सिमब्रीफ या फुकट वेबसाइटवर उड्डाणाचा आराखडा बनवायचा, आणि इथे एका टॅपवर तो आत घ्यायचा. प्रवासी किती, सामान किती, इंधन किती, दरवाजे उघडे की बंद, सगळं याच टॅबलेटवरून.

मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो इंधनाच्या पानावर. खऱ्या ए३८० मध्ये ११ टाक्या असतात, दहा पंखांत आणि एक शेपटीत. विमान हवेत असताना पंख वरच्या बाजूला वाकतात, म्हणून टोकाकडच्या टाक्यांत इंधन ठेवून पंखांच्या मुळाशी येणारा ताण कमी केला जातो. शेपटीतल्या टाकीतून वजनाचा तोल सांभाळला जातो. उड्डाणानंतर हे इंधन इकडून तिकडे आपोआप सरकताना बघायचं, पायलटने काहीही न करता. पुस्तकात दोन पानं वाचून जे डोक्यात शिरत नाही ते इथे दहा मिनिटांत शिरतं.

उडताना कसं वाटतं?

जड. आणि हे मी कौतुक म्हणून सांगतोय. टॅक्सी करताना ब्रेक लावला तर विमान लगेच ऐकत नाही, वळण घेताना मागची चाकं कुठे असतील याचा अंदाज ठेवावा लागतो. मात्र हवेत गेल्यावर काठी इतकी हलकी लागते की आपण ५७५ टनांची वस्तू हलवतोय हे विसरायला होतं. खऱ्या विमानातही काठी आणि पंखांच्या मध्ये संगणक असतो. पायलट फक्त इच्छा सांगतो, पंखांवरच्या पट्ट्या किती हलवायच्या ते संगणक ठरवतो. 'फ्लाय-बाय-वायर' ते हेच, आणि टीमचं नावही त्यावरूनच.

मुंबईला २७ नंबरच्या धावपट्टीवर उतरायचं असेल तर दुबईहून येणारं विमान समुद्रावरून येतं, शहर ओलांडून पूर्वेला जातं आणि मग घाटकोपरच्या अंगाने परत वळतं. इथे खरी परीक्षा होते. एवढं वजन एकाच वेळी खालीही आणायचं आणि हळूही करायचं, हे दोन्ही सहज जमत नाही. वेग उतरवायची तयारी बरीच आधी करावी लागते.

उतरल्यावर एक मजेशीर गोष्ट दिसेल. चारपैकी फक्त आतल्या दोन इंजिनांनाच रिव्हर्स आहे. यात बग वगैरे काही नाही, खऱ्या विमानातही तसंच आहे. बाहेरची इंजिनं इतकी लांब असतात की ४५ मीटर रुंद धावपट्टीच्या कडेबाहेर जातात. तिथे रिव्हर्स लावला तर माती आणि खडे उडून इंजिनात जायची भीती.

मग अडचण कुठे आहे?

कॉम्प्युटरमध्ये. या सिम्युलेटरमध्ये कॉकपिटचा काचेचा स्क्रीन म्हणजे मुळात एक वेब पेज असतं, एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टवर चालणारं. अशी आठ पानं सतत ताजी होत राहतात. त्यांच्या मागे हायड्रॉलिक, वीज, इंधन यांची गणितं रस्ट भाषेत लिहिलेली, उड्डाणाचं नियंत्रण सी++ मध्ये. त्यामुळे भार ग्राफिक्स कार्डाएवढाच प्रोसेसरवरही येतो. माझ्या चार वर्षं जुन्या पीसीवर सेटिंग कमी केल्यावर विमान नीट उडलं, पण मोठ्या विमानतळावर चित्र अडखळत होतं. इन्स्टॉलरमध्ये ४के आणि ८के असे दोन पर्याय आहेत. साधा पीसी असेल तर मुकाट्याने ४के घ्या.

दुसरं म्हणजे काम अजून चालू आहे. टीमने ते लपवलेलं नाही. नेहमीचं उड्डाण सुरळीत होतं, पण बिघाड आणि आणीबाणीचे सगळे प्रसंग अजून आलेले नाहीत. आणि कॉकपिटमधला विमानतळाचा सविस्तर नकाशा हवा असेल तर नॅव्हिग्राफचं पैसे भरून घेतलेलं सदस्यत्व लागतं. विमान उडायला त्याची गरज नाही, पण फुकटालाही थोडी झालर आहे हे माहीत असावं.

तिसरी गोष्ट वेळेची. १९ नोव्हेंबर २०२४ ला मायक्रोसॉफ्टचा नवा सिम्युलेटर, २०२४ ची आवृत्ती आली. ए३८०एक्स मुळात बनलं होतं २०२० साठी. पाया बदलला की वरची इमारत पुन्हा तपासावी लागते. पगारी टीम असेल तर ते काम कुणाला तरी नेमून देता येतं. इथे मात्र माणसं आपली नोकरी, कॉलेज सांभाळून रात्री कोड लिहितात.

फुकट म्हणजे नेमकं काय?

माझ्या मते खरा मुद्दा हा आहे. फ्लायबायवायरची सुरुवात २०२० मध्ये झाली, सिम्युलेटरसोबत आलेलं ए३२०निओ सुधारण्यापासून. तेच पुढे ए३२एनएक्स झालं. कोड गिटहबवर उघडा आहे, जीपीएल ३ परवान्याखाली. म्हणजे कुणीही वाचू शकतं, बदलू शकतं, चूक दाखवू शकतं, दुरुस्ती पाठवू शकतं. उद्या ही टीम थकली तरी कोड कुलपात जाणार नाही. दुसरं कुणी तो पुढे नेऊ शकतं. विकत घेतलेल्या विमानाची कंपनी बंद पडली तर ती सोय नसते.

पण उघडा कोड आपोआप जिवंत राहत नाही. त्याला माणसं लागतात. आपण भारतीय वापरणारे डाउनलोड करण्यात पुढे असतो, पण चूक नीट लिहून कळवणारे आपल्यातले किती? कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला असाल तर कॉलेजच्या 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम' प्रोजेक्टपेक्षा इथे एक छोटी दुरुस्ती स्वीकारली जाणं जास्त शिकवून जाईल. कोड येत नसेल तरी कागदपत्रं आणि भाषांतराचं काम असतंच.

आणखी एक. टेलिग्रामवर महागड्या विमानांच्या 'क्रॅक' झिप फायली फिरतात. त्यात विमानासोबत काय काय येईल याची खात्री नाही. इतक्या दर्जाचं विमान सरळ मार्गाने फुकट मिळत असताना ती जोखीम घेण्यात अर्थ नाही. हेही टीमच्या स्वतःच्या इन्स्टॉलरमधूनच घ्या. याचे कुणी पैसे मागत असेल तर तो तुम्हाला फसवतोय.

माझ्याकडे फक्त फोन आहे, मी काय करू?

हे विमान फोनवर चालत नाही, एक्सबॉक्सवरही नाही. पण रस्ता बंद नाही.

- इन्फिनिट फ्लाइट या मोबाइल सिम्युलेटरमध्ये ए३८० आहे. खोली कमी, पण उतरायचा सराव होतो. बहुतेक विमानांसाठी सदस्यत्व लागतं.
- फ्लायबायवायरची मार्गदर्शक पानं फोनच्या ब्राउझरवर मोफत वाचता येतात. ए३८० च्या प्रत्येक पॅनेलची ओळख तिथे होते.
- सिमब्रीफवर दुबई–मुंबईचा आराखडा बनवा आणि फ्लाइटरडार२४ वर खऱ्या विमानाचा मार्ग शेजारी ठेवून बघा. दोन्हींत काय जुळतं, काय नाही, यातून बरंच कळतं.

पायलट व्हायचं स्वप्न असेल तर एक स्पष्ट सांगतो. घरच्या सिम्युलेटरवरचे तास डीजीसीएच्या लॉगबुकात धरले जात नाहीत. मात्र यंत्रणा कशी विचार करते, हे आधीच समजलेलं असेल तर त्याचा पुढे उपयोग होतोच.

घ्यावं का?

बऱ्यापैकी पीसी आणि मूळ सिम्युलेटर असेल तर आजच घ्या. पीसी जुना असेल तर आधी त्याच टीमचं ए३२एनएक्स घ्या. तेही फुकट, जास्त मुरलेलं, आणि त्याचा एमसीडीयू फोनच्या ब्राउझरवर उघडता येतो, म्हणजे फोनच कॉकपिटचा भाग होतो. फक्त ए३८०साठी नवा पीसी घ्यायचा विचार असेल तर मात्र थांबा. नव्या सिम्युलेटरवर हे विमान कसं चालतं ते आधी बघा, मग घरच्यांकडे विषय काढा.