दुकानभाड्यातून उभे राहिलेले ज्ञानदान

लंडनमधील ग्रेशॅम कॉलेज या संस्थेत प्रवेश घेऊन शिकणारा विद्यार्थी एकही नाही. तेथे परीक्षा नाही, पदवी नाही, शुल्कही नाही. 1597 पासून तेथे व्याख्याने होतात आणि ज्याला ऐकावेसे वाटेल त्याने येऊन बसावे, एवढीच रीत आहे. आता ही व्याख्याने ऑनलाइन प्रसारित होत असल्याने सांगली-सोलापूरच्या पेढीवरील माणसालाही तेथे जागा मिळू लागली आहे.

या संस्थेचे मूळ एका व्यापाऱ्याच्या मृत्युपत्रात आहे, हे व्यापारी कुटुंबांना विशेष वाटावे. सर थॉमस ग्रेशॅम हे कापडाचे व्यापारी. अँटवर्पच्या बाजारपेठेत त्यांनी लोकरी कापडाचे व्यवहार केले आणि इंग्लंडच्या राजसत्तेसाठी कर्जेही उभारली. तेथील व्यापारभवन पाहून त्यांनी लंडनमध्ये ‘रॉयल एक्स्चेंज’ बांधले; 1571 मध्ये राणी एलिझाबेथ तेथे येऊन गेली आणि तिनेच त्यास ते नाव दिले. वरच्या मजल्यावर दुकानांचे गाळे होते. 1579 मध्ये ग्रेशॅम निवर्तले. पत्नीच्या पश्चात या वास्तूच्या उत्पन्नातून सात प्राध्यापकांना वर्षाला प्रत्येकी 50 पौंड द्यावेत आणि त्यांनी नगरवासीयांस विनामूल्य व्याख्याने द्यावीत, अशी तरतूद त्यांनी करून ठेवली होती. सात विषयांत खगोलशास्त्र, भूमिती आणि वैद्यक होते. विद्वानांसाठी व्याख्यान लॅटिनमध्ये होई. तेच पुन्हा इंग्रजीतही द्यावे लागे, कारण बाजारातल्या माणसाला लॅटिन येत नसे. व्यवस्था शहराची महापालिका आणि मर्सर्स कंपनी, म्हणजे कापडव्यापाऱ्यांचे महाजन, यांच्याकडे सोपवली होती. आजही ती त्यांच्याकडेच आहे.

मुंबईत प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी आणि मातोश्री राजाबाईंच्या नावाच्या मनोऱ्यासाठी दिलेले दान सर्वांना ठाऊक आहे. त्या दानाने विद्यापीठापर्यंत पोहोचलेल्यांची सोय झाली. ग्रेशॅम यांच्या डोळ्यांपुढे मात्र विद्यापीठात कधीच न जाणारा, व्यवसायात गुंतलेला नागरिक होता. वयाच्या अठराव्या वर्षी गल्ल्यावर बसलेल्या आणि शिक्षण अर्धे राहिल्याची रुखरुख साठीतही बाळगणाऱ्या गृहस्थासाठी हा फरक लहान नाही.

या सभागृहाने मोठे प्रसंगही पाहिले. 28 नोव्हेंबर 1660 रोजी क्रिस्टोफर रेन यांचे व्याख्यान संपल्यावर काही श्रोते मागे थांबून बोलत बसले आणि त्या बैठकीतून रॉयल सोसायटीचा जन्म झाला.

मूळच्या सात विषयांत पुढे भर पडली; आता पर्यावरणाचेही अध्यासन आहे. ऑक्सफर्डचे हवामानशास्त्रज्ञ मायल्स अॅलन यांनी अलीकडे त्या अध्यासनावरून व्याख्याने दिली. अॅलन यांचे नाव ज्या विचाराशी जोडले जाते, तो खतावणी लिहिणाऱ्यास इतरांपेक्षा लवकर उमगावा. कार्बन डायऑक्साइड हा वर्षाच्या खर्चासारखा नाही. तो पुढे ओढलेल्या बाकीसारखा आहे. समुद्र आणि वनस्पती त्याचा काही भाग शोषून घेतात, परंतु उरलेल्याचा परिणाम शतकानुशतके टिकतो. म्हणून पृथ्वी किती तापेल, हे एका वर्षीच्या धुरापेक्षा आजवरच्या एकूण बेरजेवर ठरते. या वर्षी धूर निम्मा केला तरी बाकी वाढतच राहते, फक्त सावकाश. ती थांबवायची तर नवी नोंद शून्यावर आणावी लागते, आणि तेव्हाही तापमान मागे न जाता साधारण तेथेच थांबते. मिथेनचे खाते वेगळे. तो अधिक तीव्र असला तरी सुमारे बारा वर्षांत बहुतांश विरतो.

त्यापुढचा अॅलन यांचा प्रस्ताव व्यापाऱ्यास अस्वस्थ करणारा आहे. जमिनीतून कोळसा, तेल वा वायू काढून विकणाऱ्यांवरच तेवढा कार्बन पुन्हा भूगर्भात साठवण्याचे बंधन असावे, असे ते मांडतात. माल विकणाऱ्याने त्याची घाणही उचलावी, ही गोष्ट न्याय्य वाटते. पण तो खर्च अखेरीस इंधनाच्या भावात आणि मालवाहतुकीच्या दरात उतरणार, हेही उघड आहे. अशा विषयावर घरात बोलणे निघाले असता भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या संदेशांवर विसंबणे महागात पडते. खोटे नाणे खऱ्या नाण्यास बाजारातून हुसकावते, हा सिद्धांत योगायोगाने ग्रेशॅम यांच्याच नावाने ओळखला जातो.

लंडनच्या संध्याकाळी सहाचे व्याख्यान भारतात उन्हाळ्यात रात्री साडेदहाला आणि हिवाळ्यात साडेअकराला सुरू होते. एवढे जागण्याचे कारण नाही, कारण ध्वनिचित्रमुद्रण नंतर केव्हाही पाहता येते. इंग्रजी उच्चार कानाला अवघड जात असतील, तर अनेक व्याख्यानांचा लिखित मजकूरही संस्थेच्या संकेतस्थळावर मिळतो. महाविद्यालयात जाणाऱ्या नातीने तो आजोबांना मराठीतून समजावून द्यावा आणि ‘बाकी पुढे ओढणे’ म्हणजे काय, हे आजोबांनी तिला जुनी वही उघडून दाखवावे.