गुंठ्याला ८६ रुपये



गेल्या आठवड्यात मोबाइलवर संदेश आला : ५,१०० रुपये जमा. ऑक्टोबरअखेरच्या पावसात माझ्या दीड एकरातले हलके धान गेले, त्याची ही सरकारी मदत. कोरडवाहू, हेक्टरी ८,५०० रुपये दराने. म्हणजे गुंठ्याला ८६ रुपये. याला ‘भरीव मदत’ म्हटलेले रोज वाचतो आणि संताप होतो, म्हणून हे पत्र.

धान कापून कडपा बांधीत पडल्या होत्या. पुंजणे घालायला आणखी दोन दिवस हवे होते, तेवढ्यात पाऊस आला. चौथ्या दिवशी कडप उचलली तर लोंब्यांना हिरवे कोंब फुटलेले आणि खालची तणस काळी पडलेली. धान तर गेलेच, बैलांचा चाराही गेला. याच दीड एकरात मला वीस क्विंटल धान होतात. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. ५,१०० रुपयांत सव्वादोन क्विंटलही बसत नाहीत. रोवणीच्या बायांची मजुरी आणि ट्रॅक्टरची चिखलणी, एवढ्यातच ते सरले.

खरा राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. जानेवारी २०२४ मध्ये महायुतीच्याच सरकारने हा दर १३,६०० केला होता. मे २०२५ मध्ये तो निर्णय फिरवून पुन्हा ८,५०० वर आणला. या काळात हमीभाव २,१८३ वरून २,३६९ झाला, खत वाढले, मजुरी वाढली. कमी झाली ती फक्त मदत. विधानसभेची निवडणूक समोर होती तेव्हा १३,६०० परवडत होते, ती सरल्यावर परवडेनासे झाले. मला तरी याचा दुसरा अर्थ लागत नाही.

सरकारच्या ऑक्टोबर २०२५ च्या अतिवृष्टी पॅकेजचे दाखले कोणी देऊ नयेत. रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी दहा हजार दिले ते त्या वर्षापुरते. मूळ दर ८,५०० च राहिला. मर्यादा दोनवरून तीन हेक्टर केल्याचेही सांगतात. आमच्या भंडारा जिल्ह्यात दोन हेक्टर तरी किती जणांकडे आहे? इथे एकर-दीड एकरवाला शेतकरी. त्याला मर्यादेचा काय उपयोग, त्याला दर हवा.

पीक विम्याचा आधार म्हणावा तर काढणीनंतरच्या नुकसानीची भरपाई २०२५ च्या खरिपापासून योजनेतून काढूनच टाकली. धानाचा शेतकरी मरतो तो याच वेळी, कडपा बांधीत असताना. हे मुंबईत कोणाला ठाऊकच नव्हते का?

आणि ज्यांचे सातबारे सामायिक आहेत त्यांचे तर हे ८६ रुपयेही अडकले आहेत. माझ्या शेजारच्या काकूंचे पती वारले, दीर पुण्याला असतात. त्यांच्या सहमतीपत्राशिवाय पैसे पडणार नाहीत म्हणून काकू तीनदा तालुक्याला जाऊन आल्या. दर खेपेला एक मजुरी बुडते.

जिल्ह्यातल्या आमदार-खासदारांनी येत्या अधिवेशनात एवढा एकच प्रश्न लावून धरावा : १३,६०० चा दर कोणी काढला, का काढला आणि परत कधी देणार?

— एक धान उत्पादक, ता. पवनी, जि. भंडारा