चुलीपाशींचें मूल

अखिल भारत ग्रामोद्योग संघ १९३४ सालीं स्थापन झाला व त्याच्या वर्धेच्या मगनवाडींतूनच धूर बाहेर नेणारी मगन चूल पुढें आली. मातांचे डोळे व अर्भकांचीं फुप्फुसें यांची काळजी त्या चुलीनें वाहिली. परंतु रांगत्या मुलाचा हात तिला अडवितां येत नाहीं. २०१६ सालीं सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेच्या गॅस-शेगडीलाही तो येत नाहीं.

कापूसवेचणीच्या दिवसांत आई शेतावर जाते व धाकटें भावंड आमच्याच वर्गांतील एखाद्या मुलीच्या कडेवर येतें. वरणाचा गंज नुकताच खालीं उतरलेला असतो. मूल भाजलें म्हणजे दोष मात्र त्या पोरीस! हा न्याय आम्हांस मान्य नाहीं. तिला बीजगणित शिकविणाऱ्या आम्हांस, उकळता गंज जमिनीवर ठेवूं नये, रॉकेल सरबताच्या बाटलींत भरूं नये, एवढें सांगण्यास तास मिळत नाहीं काय?

भाजल्यावर हळद, तूप, शाई फासण्याची रीत अद्याप सुटलेली नाहीं. वस्तुतः त्या जागेवर वीस मिनिटें गार पाण्याची धार सोडावी, बर्फ लावूं नये, व मुलास दवाखान्यांत न्यावें. रॉकेल प्यालेल्या मुलास ओकारी करविणें तर घातकच. तें फुप्फुसांत शिरतें. आमच्या परिचयाच्या एका आजीबाईंनीं नातवास मिठाचें पाणी पाजलें होतें. त्यांची माया कांहीं खोटी नव्हती.

पुढील सहामाहीपासून आठवड्याचा एक तास आम्ही या विषयास देणार आहों. आयांनींही यावें; तान्हें मूल बरोबर आणण्यास हरकत नाहीं.