रमाईची भूमिका आणि आपली वर्गणी

जयंतीच्या तयारीसाठी लाखांदूर तालुक्यातील एका गावच्या उत्सव समितीचे चार तरुण कार्यकर्ते मागच्या आठवड्यात माझ्याकडे भंडाऱ्याला आले. हातात एक करारनामा होता. मालिकेत रमाईची भूमिका केलेली एखादी अभिनेत्री गावात आणायची, असे समितीने ठरविले होते आणि एका मध्यस्थाने कागद पाठविला होता. मी तो वाचला. नागपूरहून येण्या-जाण्याची मोटार, मुक्कामाची सोय, मंचावर पंचेचाळीस मिनिटे, भाषण दोन मिनिटांचे, फोटो फक्त समितीच्या पदाधिकाऱ्यांसोबत. मानधनाचा आकडा येथे लिहीत नाही. तो धान विकून आणि रोजीने जाऊन दिलेल्या वर्गणीतून उभा राहायचा होता, एवढे सांगितले तरी पुरे!

माझे पहिले मत साफ विरोधाचे होते. समाजप्रबोधन बाजूला ठेवून नट-नट्यांच्या मागे धावणे ही आपली चळवळ नव्हे, असे मी त्यांना सुनावले. पण ते गेल्यावर मला माझी आई आठवली.

2019 साली स्टार प्रवाहवर 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर - महामानवाची गौरवगाथा' ही मालिका सुरू झाली. सागर देशमुख यांनी बाबासाहेबांची आणि शिवानी रांगोळे यांनी रमाईची भूमिका केली. त्याआधी 2000 साली जब्बार पटेलांच्या चित्रपटात सोनाली कुलकर्णी यांनी रमाई साकारली होती. पण थिएटरात जाणे आमच्या खेड्यातील बायांच्या नशिबी कुठून असणार? मालिका मात्र घरात आली. रमाई पडद्यावर आली की आई खुर्चीवरून उठून खाली चटईवर बसे. मी एकदा म्हणालो, "आई, ती नटी आहे, रमाई नव्हे." ती म्हणाली, "मले का समजत नाही का? पन इतके वर्षं त्या डब्ब्यात आपल्या घरची बाई कोनं दाखवली होती?" या प्रश्नाचे उत्तर माझ्या कायद्याच्या पदवीत नव्हते.

असाच प्रसंग अमेरिकेतही घडलेला आहे. तिकडे 1966 साली 'स्टार ट्रेक' नावाची अंतराळ-मालिका सुरू झाली. तीत निशेल निकोल्स ही कृष्णवर्णीय अभिनेत्री यानावरील अधिकारी होती. पहिल्या वर्षानंतर ती मालिका सोडून रंगभूमीवर जायला निघाली होती. तेवढ्यात एनएएसीपी या संघटनेच्या कार्यक्रमात एक चाहता तुम्हाला भेटू इच्छितो, असा निरोप आला. समोर पाहते तो मार्टिन ल्यूथर किंग! त्यांनी तिला सांगितले की, ही भूमिका सोडू नका. आमची मुले ती पाहतात. ती थांबली. पुढे 1977 पासून तिने नासासाठी स्त्रिया आणि अश्वेत तरुणांची भरती करण्याचे काम केले. ही हकिकत निकोल्सबाई 2022 साली निधन होईपर्यंत सांगत असत. त्याच मालिकेच्या चाहत्यांचे मोठे संमेलन 1972 साली न्यूयॉर्कमध्ये भरले आणि पुढे स्वाक्षरीचे वेगळे पैसे, फोटोचे वेगळे पैसे असा मोठा धंदा तयार झाला. म्हणजे किंग यांची भेटही चाहत्याचीच आणि रांगेतली भेटही चाहत्याचीच. फरक एवढाच की, किंग यांनी तिच्याकडे फोटो मागितला नाही, काम मागितले.

बाबासाहेबांनी हा फरक फार आधी सांगून ठेवला आहे. 18 जानेवारी 1943 रोजी पुण्याला रानड्यांवरील व्याख्यानात त्यांनी विभूतिपूजेचे दोन प्रकार केले. थोराबद्दल आदर बाळगणे वेगळे, आणि आपली बुद्धी त्याच्या पायी ठेवणे वेगळे. आपण बाबासाहेबांच्याही पायी बुद्धी ठेवू नये, असे ज्यांनी शिकविले, त्यांच्या जयंतीला त्यांच्या पत्नीची भूमिका करणाऱ्या बाईच्या पाया पडायला रांग लावायची?

आणि आपल्याच बायकांना मंचाने काय दिले, हेही विसरू नये. तमाशाच्या बोर्डावर पिढ्यान्पिढ्या आपल्या मायबहिणी नाचल्या. त्यांना भेटायला येणारा 'चाहता' कोणत्या नजरेने येई आणि दौलतजादा कसा उधळी, हे सांगायला नको. पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेला पैसा बाबासाहेबांनी नाकारला, तो याच कारणाने. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपती पदक मिळाले, तरी अखेरचे दिवस हलाखीतच गेले. अशा समाजातील बाया आज एका अभिनेत्रीकडे आदराने पाहतात, ही लहान गोष्ट नाही. तिला मी हसणार नाही.

माझा राग खरे तर दुसऱ्याच गोष्टीवर आहे. आपली झाडीपट्टी म्हणजे नाटकांची खाण. दिवाळीनंतर मंडई सुरू झाली की होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटक चालते. वडसा तर आमच्या लाखांदूरच्या पलीकडे लागूनच. परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीमुळे. तरी अलीकडे पोस्टरवर मोठा चेहरा मुंबईच्या मालिकेतल्या नटीचा असतो आणि आपली पोरगी कोपऱ्यात, तिकिटाएवढ्या फोटोत. त्या चार कार्यकर्त्यांना मी विचारले, तुमच्या गावात कोणती मुलगी रमाईची भूमिका करू शकेल? त्यांनी पटकन दोन नावे सांगितली. एक नर्सिंग शिकते, दुसरी दहावीत आहे.

करारनामा मी परत दिला, पण दुरुस्त करून. पाहुणीचे भाषण दोन मिनिटांऐवजी अर्धा तास. विहारात गावातील मुलींशी बसून बोलणे, तालीम कशी करतात ते दाखविणे. फोटो काढायचे तर म्हाताऱ्या बायांसोबत आधी, पदाधिकाऱ्यांसोबत शेवटी. आणि त्याच रात्री त्या दोन मुलींचा रमाईवरील प्रवेश, पाहुणीच्या समोर. मानधन निम्मे, उरलेल्या निम्म्यात अभ्यासिकेची पुस्तके.

मध्यस्थाचे उत्तर अजून आलेले नाही. मुलींनी मात्र तालीम सुरू केली असल्याचा निरोप काल समितीच्या अध्यक्षांनी दिला. नऊवारी कुणाची आणायची यावरून त्यांच्यात भांडण लागले आहे, म्हणे.